मागच्या पानांवरची उत्तरं

हिरा,

तुझ्या पुस्तकाचे चार खोके माझ्या दिवाणाखाली आहेत आणि परवा, रविवारी, ते रिकामे व्हायचे आहेत. शोकसभेला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत द्यायची असं तुझ्या भावाने ठरवलं आहे. म्हणजे माझ्या हातात आजची दुपार आणि उद्याचा दिवस आहे. तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी रडले कमी आणि चिडले जास्त, हे आधीच सांगून टाकते. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच होती. या वेळी मात्र तू हद्द केलीस.

हे मी वहीत लिहिते आहे. लिहून झालं की पानांचे फोटो काढून कॅनडाला अन्वी आणि निहारला पाठवणार. अन्वी तुझ्या ओळखीची आहे. निहार अजून मराठी अक्षरं बोटाने लावत वाचतो, त्याला त्याची ताई वाचून दाखवेल. तेव्हा बोलणं तुझ्याशी असलं तरी माझी नातवंडं दारात उभी राहून ऐकताहेत असं समज, आणि तुला ठाऊक असलेलंच मी मध्ये सांगायला लागले तर वैतागू नकोस.

मोहने गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि तू गणित. मी डोंबिवलीहून यायचे, आंबिवलीला उतरून चालत. तू कारखान्याच्या वसाहतीत राहायचीस, कारण तुझे मिस्टर रेयॉनच्या कारखान्यात होते. माझी वही झाकण घातलेल्या डब्यासारखी असायची, प्रत्येक पानाला समास आणि प्रत्येक धड्याला अनुक्रमांक. तुझी वही चौकटीची. एकदा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून तुझा एक आलेखाचा कागद चुकून माझ्याकडे आला. त्यावर एकेका चौकटीत एकेक शब्द होता, मध्येच पाच-सहा चौकटी रिकाम्या, मग पुन्हा एक शब्द. मुलांचंच काहीतरी असेल म्हणून मी रिकाम्या चौकटींवर लाल पेनाने प्रश्नचिन्हं काढली आणि तासाला जाता जाता तुला दाखवलं.

"हे काय आहे गं?"

"कविता."

"कशावर?"

"कागदावर," तू म्हणालीस, आणि खडू घेऊन दहावी ब मध्ये गेलीस.

आपली मैत्री तिथून सुरू झाली आणि भांडणही तिथूनच. पुढची चाळीस वर्षं तुझी प्रत्येक कविता आधी माझ्याकडे यायची. मी तिची सुवाच्य प्रत काढायचे, कारण तुझं अक्षर तुझ्याशिवाय मला एकटीलाच लागायचं. आणि प्रत काढून झाली की मी विचारायचे, "याचा अर्थ काय?" एकदाही, हिरा, एकदाही तू सरळ उत्तर दिलं नाहीस. तुझे मिस्टर गेले त्या वर्षी तू एका उलट्या छत्रीवर कविता लिहिलीस. मी विचारलं, "ही त्यांच्यावर आहे का?" तू म्हणालीस, "तो गेला म्हणून नाही लिहिली. तो गेला तेव्हा लिहिली." आता यातून माणसाने काय समजायचं? मी इंग्रजी शाळेत शिकले, मग आयुष्यभर मुलांना कवितेचा सारांश आणि संदर्भासहित स्पष्टीकरण शिकवलं. कवीला काय म्हणायचं आहे हे पाच ओळींत लिहिता आलं नाही तर मी गुण कापायचे. आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या कवितेत मला स्वतःला शून्य.

एकदा मधल्या सुट्टीत मी फार चिडले होते. तू डब्यातली भाकरी मोडत शांतपणे म्हणालीस, "ज्याची किंमत माहीत नाही त्याला मी फळ्यावर क्ष म्हणते. तेव्हा तुला काही त्रास होत नाही."

"कारण शेवटी तू क्षची किंमत काढतेस!"

"हो ना. गणितात एक उत्तर असतंच. म्हणून तर घरी जाऊन कविता लिहिते."

तुझी जून महिन्यातली एक रीत अन्वीला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरून घडलं. गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरं असतात. वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यात तू स्टेपलर घेऊन वर्गात फिरायचीस आणि प्रत्येकाच्या पुस्तकातली उत्तरांची पानं पिना मारून बंद करायचीस. "आधी आपल्या डोक्याने कर, मग पिन काढ." पालक तक्रार करायचे. मुख्याध्यापकांनी तुला एकदा बोलावूनही घेतलं. तू स्टेपलर घेऊनच त्यांच्या केबिनमध्ये गेलीस. निवृत्त होईपर्यंत दर जूनला ही रीत मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी मी करायला नको ते केलंच.

झालं असं. निवृत्तीनंतर तू माहेरच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहायला गेलीस, घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर, भावाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. तुझ्या माणसांनी तिथे खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात काम केलं होतं. आता खिडकीतून तीच खाडी दिसायची आणि तू म्हणायचीस, "एवढ्या वरून पहिल्यांदाच बघते." तुझी पंचाहत्तरी जवळ आली तशी मी ठरवलं की कवितांचं पुस्तक काढायचं. तू नको-नको म्हणत हो म्हणालीस. टाइप करायला घेतलेल्या कविता मी अन्वीला पाठवत होते, तिचं मराठी टिकावं म्हणून. त्यांत ही एक होती:

मी उभी आहे आरशावर
आरसा पाय विचारत नाही
तो फक्त आभाळ धरून ठेवतो
आणि म्हणतो, हळू

अन्वीने तुला आवाजी निरोप पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, तू मला पुढे पाठवला होतास. "हिरा आजी, आम्ही विंटरमध्ये लेकवर जातो ना, तेव्हा पहिल्या दिवशी बर्फ असं काळं आणि शायनी असतं. मी खाली बघितलं तर त्यात क्लाउड्स होते. मी पण असंच हळू हळू म्हणत होते, स्वतःलाच. पण तुला कसं माहीत? तुमच्याकडे तर लेक फ्रीझ नाही होत!"

तू त्या दिवशी खास डोंबिवलीला आलीस. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तो निरोप तू तीन वेळा ऐकलास आणि मलाही ऐकवलास.

"पैकीच्या पैकी," तू म्हणालीस. "पोरीला कळली."

"अगं, पण तू कुठे बर्फ बघितलायस? तिचा अर्थ चुकला आहे."

"तुझा चहा उतू जातोय," तू म्हणालीस.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या चाळीस वर्षांच्या कविता मी सुवाच्य लिहिल्या, तारीखवार लावल्या, वाळवीपासून वाचवल्या. मला तू एकदाही पैकीच्या पैकी दिले नाहीस. ते पुढे सांगते, आत्ता धीर होत नाही.

मी घरी बसून टिपा लिहिल्या. पुस्तकाच्या शेवटी नऊ पानं, शीर्षक 'अर्थबोध'. प्रत्येक कवितेतल्या अवघड प्रतिमा अनुक्रमांकाने घेतल्या आणि त्यांचे अर्थ दिले. मनात खरंच हे होतं की परदेशातल्या मुलांना मदत होईल. तुला न सांगता कल्याणच्या छापखान्यात ती पानं देऊन आले. छापणाऱ्याने विचारलं, "बाईंनी बघितली का?" मी म्हटलं, "त्यांच्यासाठी सरप्राइज आहे."

खोके आले त्या दिवशी तू आलीस. मी कोथिंबीर वड्या केल्या होत्या. तू पुस्तक हातात घेतलंस, वास घेतलास, आणि गणिताच्या माणसाच्या सवयीने मागून उघडलंस.

"विमल, हे काय?"

"सरप्राइज."

"माझ्या पुस्तकाच्या मागे उत्तरं छापलीस?"

"उत्तरं नाहीत गं. टिपा आहेत. अन्वीसारख्या मुलांना..."

"अन्वीला कललंय." राग आला की तुझा ळ जायचा आणि तुझं गाव यायचं. मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. तू चष्मा लावलास आणि मोठ्याने वाचायला लागलीस, वर्गात एखाद्याची चिठ्ठी सापडल्यावर वाचायचीस तशी. "'मीठ : अश्रूंचे प्रतीक.' विमल, माझी आयस मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहून म्हातारी झाली. ती काय अश्रू वाहत होती गो?"

"तसं नाही, साहित्यात मीठ म्हणजे..."

"'आरसा : आत्मपरीक्षण. आभाळ : परमेश्वर.' बरं. 'हळू : वृद्धावस्थेत घ्यावयाची काळजी.' वृद्धावस्थेत! ही मी बेचाळिसाव्या वर्षी लिवली!"

मला हसू आलं. तेच चुकलं. तुला आलं नाही.

"पोरगी बर्फावर उभी होती," तू म्हणालीस. "तू तिला उचलून वर्गात आणून बसवलीस."

"मग मी काय करायचं होतं? चाळीस वर्षं विचारते आहे, एका ओळीचा अर्थ कधी सांगितलास मला?"

"वाचायचं होतं."

तू पर्स घेतलीस आणि निघालीस. वड्या तशाच राहिल्या. संध्याकाळी तुझा निरोप आला: "नऊ पानं फाड. मग बोलू."

मी फाडली नाहीत. मी तुला उत्तर लिहिलं, मुद्देसूद, जसं मला येतं तसं. एक, टिपा वाचण्याची सक्ती कोणावरही नाही. दोन, प्रतिमा समजावून सांगितल्याने कविता मरत नाही. तीन, छापून आणि शिवून झालेलं पुस्तक फाडणं हा मूर्खपणा आहे. हे तिन्ही मुद्दे मला अजूनही चुकीचे वाटत नाहीत. रविवारी कोणी विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन. तुझं उलट उत्तर दोन शब्दांचं आलं: "चौथा मुद्दा?"

चौथा मुद्दा मी लिहिला नव्हता. तो आहे हे तुला कसं कळलं?

महिनाभर आपण बोललो नाही. मग एका दुपारी मी ठरवलं की पुरे झालं. मला एक युक्ती सुचली होती आणि मी स्वतःवर फार खूश होते: पानं फाडायची नाहीत, तुझ्यासारख्या पिना मारून बंद करायची. तुझी रीत, माझी पानं, दोघींचं राहील. तुझ्यासमोर बसून पहिली प्रत बंद करायची, म्हणजे तू हसशील. पर्समध्ये स्टेपलर आणि पिनांची नवी डबी घेऊन मी निघाले. घोडबंदर रोडला नेहमीप्रमाणे काही हलत नव्हतं. रिक्षावाला इंजिन बंद करून म्हणाला, "मावशी, इथे उतरून चालत गेलात तर माझ्या आधी पोचाल." गेले चालत. तुमच्या टॉवरच्या फाटकावर वॉचमनने वही पुढे केली. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली, कोणाकडे हेही लिहिलं. त्याने वर इंटरकॉम लावला. "मॅडम, कोणी बाई आल्यात." आणि त्या डब्यातून तुझा आवाज आला, "पाठव." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. तू उठत होतीस.

आणि माझा धीर सुटला. स्टेपलर म्हणजे माफी नव्हती, हिरा. ती चलाखी होती, आणि तू ती दारातच ओळखली असतीस. मी वॉचमनला म्हटलं, "इमारत चुकली वाटतं," आणि परत फिरले. वहीत माझं नाव तसंच राहिलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तू गेलीस. दुपारी जेवून आडवी झालीस, ती उठली नाहीस. मला कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे की, आता ही मला कधीच सांगणार नाही. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

हे लिहिताना मला हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर अन्वीला वाटेल आजी नुसती भांडकुदळ मैत्रिणीबद्दल सांगते आहे. तिचे आजोबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येक जण काहीतरी बोलत होता. तू एकटी बोलली नाहीस. तू ओट्यापाशी स्टूल ओढून मटार सोलत बसलीस. दोन दिवस सोलत होतीस, एवढे मटार आणले कोणी हेही मला ठाऊक नाही. जाताना माझ्या हातात आलेखाचा एक कागद दिलास. पानभर रिकाम्या चौकटी आणि खालच्या कोपऱ्यात तीन शब्द. त्या एका कागदाचा अर्थ मी तुला विचारला नाही. त्याची सुवाच्य प्रतही काढली नाही. तो पुस्तकात नाही. ते तीन शब्द मी इथेही लिहिणार नाही. त्या कागदाने मला त्या वर्षी उभं ठेवलं, एवढं मात्र लिहून ठेवते.

बुधवारी तुझा भाऊ आला. तू त्याला दादूस म्हणायचीस, मी भाऊ म्हणते. खोके किती आहेत ते पाहायला आला होता. मी चहा टाकला तोवर त्याने एक प्रत काढली आणि मागची पानं बोट फिरवत वाचली.

"बाई, खरा सांगू? हिरीच्या कविता मना कवा कलल्या नाय. घरात कोनालाच नाय. पन ही मागची पानां वाचली आनि जरा उजेड पडला. ती राहू द्या हां. रविवारी तुमीच माइकवर उभ्या राहा आनि लोकांना समजवा."

बघ. ज्या पानांवरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ती तुझ्या सख्ख्या भावाला आवडली. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की तुला फोन करून सांगावंसं वाटलं.

"फकस्त यो आरसा तुमचा चुकला," तो म्हणाला.

"चुकला म्हणजे?"

"आत्मपरीक्षन-बिरीक्षन काय नाय. मिठागराचा तल तो. पावसाला सरला का आमी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगली वाफ्यात उतराचो. चिखल पायांनी तुडवाचा, दिवसच्या दिवस, घट्ट होईपर्यंत. मग वर पानी सोडला का आरशावानी. आभाल खाली, आपन वर. हिरी लहान होती, ती पलत जायाची मधून. बापूस बांधावरून ओरडाचा, हलू! हलू! तल फुटंल!"

मी पेन्सिल घेऊन बसले होते. "आणि आभाळ?"

"आभाल म्हंजे आभाल, बाई. दुसरा काय असाचा?"

मी पानावर बारीक अक्षरात लिहिलं : 'आरसा – मिठागरातील वाफ्याचा तुडवून गुळगुळीत केलेला तळ.' चाळीस वर्षांनी एका ओळीचं बरोबर उत्तर मिळालं. मग मनात आलं की म्हणजे अन्वी चुकली. आणि लगेच तुझा आवाज आला, पैकीच्या पैकी. अर्थ ठाऊक असताना, मिठागरात स्वतः पळालेली असताना, तू त्या पोरीला पैकीच्या पैकी दिले होतेस. तिला तू एकदाही सांगितलं नाहीस की बाळा, तो बर्फ नाही, आमच्या गावचा चिखल आहे. आणि ती कविता तरी एकट्या चिखलाची कुठे होती? आरसा पाय विचारत नाही, हे बापूस बांधावरून ओरडला नव्हता. ते तूच कुठून तरी आणलंस. मी ती टीप खोडरबराने पुसली. पेन्सिलीचा ओरखडा राहिला आहे.

भाऊ निघाला. दारात चपला घालताना तो सहज म्हणाला, "तुमी आल्या व्हत्या ना एक दिस? वॉचमनच्या वहीत नाव व्हता तुमचा. हिरी दार उघडा टाकून बसली व्हती, अंधार पडेपर्यंत. मी बोललो, अगो मच्छर येतील. ती बोलली, येऊ दे."

तो लिफ्टने खाली गेला तरी मी दारातच उभी होते.

आता चौथा मुद्दा. चार, मला राग तुझ्या कवितेचा नव्हता. चाळीस वर्षं मी तुझी पहिली वाचक होते आणि मला काही कळत नव्हतं. तरी पहिली मीच, याच्यावर मी भागवत होते. मग एका तेरा वर्षांच्या मुलीने, माझ्याच नातीने, सातासमुद्रापलीकडून एका निरोपात ते करून दाखवलं. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून हसलीस. तसं हसताना मी तुला पाहिलं नव्हतं. मी तिच्यासाठी टिपा लिहिल्या नाहीत, हिरा. मी तिची चूक दाखवायला लिहिल्या. अन्वी, हे तुला वाचायला मिळावं म्हणूनच लिहिते आहे. आजी चुकली.

आज दुपारी मी खोके बाहेर ओढले. पहिली प्रत उघडली, नऊ पानं एकत्र धरली आणि ओढली. राग होता, तोही कामाला आला. पण शिवलेल्या पुस्तकात मागचं पान काढलं की त्याच दोऱ्यातलं पुढचं पान सुटतं, हे मला एवढी पुस्तकं हाताळून ठाऊक असायला हवं होतं. तुझी शेवटची कविता सुटून माझ्या मांडीवर पडली. पुढच्या प्रतींना मग मी पट्टी आणि ब्लेड घेतलं आणि नखाएवढी कड ठेवून पानं कापली, म्हणजे काही सुटणार नाही. पण त्याआधी ते सुटलेलं पान मी वाचलं. टाइप करताना मी ते वाचलं होतं, तुला विचारून एक स्वल्पविरामही घातला होता, तो तू काढायला लावलास.

घराला दार नाही
तरी कोणी कडी वाजवतं
मी उठते
माझं उठणं ऐकून
ते परत जातं

'कडी : मृत्यूची चाहूल', असं मी मागे छापलं होतं. ती टीप आता टेबलावर कापून पडली आहे. कसला मृत्यू, हिरा. ती मी होते. पर्समध्ये स्टेपलर घेऊन खाली उभी होते आणि तुझी खुर्ची सरकलेली ऐकत होते.

ही कविता तू तीन वर्षांपूर्वी लिहिलीस. तेव्हा यातलं काहीच घडलेलं नव्हतं, तुझ्या घराला दार होतं आणि माझ्याकडे यायला कारण होतं, हे मला कळतं. अन्वीच्या अर्थावर मी तुला हेच म्हटलं होतं, की तू कुठे बर्फ बघितलायस. आज कोणी मला असं म्हणालं तर मी त्याचं ऐकणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझी एक कविता मला कळली आणि सांगायला तू नाहीस. मुद्दाम केल्यासारखं. मी पट्टी टेबलावर इतक्या जोरात आपटली की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं.

भाऊला मी फोन केला. पानं कापली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग लोकांना कलनार कसा?" मी म्हटलं, "माइकवर तुम्ही उभे राहा आणि वाफ्यात पळणाऱ्या मुलीची गोष्ट सांगा. मी कविता वाचेन, अर्थ सांगणार नाही." तो म्हणाला, "मना स्टेजची भीती वाटते, बाई." मी म्हटलं, "हळू हळू बोला."

अन्वी, निहार, सुट्या पानाची ती पहिली प्रत तुम्हाला पाठवते आहे. मी डिंक लावलेला नाही. मला अर्थ विचारू नका. तुम्हाला काय दिसलं ते कळवा, आणि निहारने त्याला वाचता आलं तेवढ्यावरच कळवलं तरी चालेल. गुण मी देणार नाही, ते देणारी गेली.

दोन खोके झाले, दोन राहिले आहेत. बोटाला ब्लेड लागलं आहे, पण उद्यापर्यंत होईल. संध्याकाळ झाली. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून कापते आहे, आणि मघापासून घराचं दार सताड उघडं टाकलं आहे. समोरच्या वहिनी जाता जाता म्हणाल्या, "विमलताई, दार लावा, मच्छर येताहेत."

म्हटलं, येऊ दे.